डीजे सुगत, अकोला

८ फेब्रुवारी, अमरावती

आज सुगत वाजला!

कॉलेज सुटलं. गेटबाहेर ऑटोची वाट पाहत उभी होते आणि समोरून वरात आली. पहिली ओळ ऐकली आणि ऑटो सोडून दिला. तीच धून. पण पुढच्या वळणावर समजलं – हा सुगत नाही. कोणीतरी पुन्हा वाजवून घेतलेली नक्कल. कारण सगळे सूर जागेवर होते.

सुगतच्या धुनेत एक सूर नाही. विहारातल्या गायन मंडळाचा जुना कॅसिओ त्याने मागून आणला होता. त्याची एक पट्टी दबून बसलेली, वाजायचीच नाही. दुरुस्त करायला कोणी नव्हतं. त्याने ती पट्टी टाळूनच धून बसवली. जिथे सूर यायला हवा तिथे रिकामं. आणि त्या रिकाम्या जागेत पोरं टाळी मारायची! कोणी शिकवलं नव्हतं. ते गाणं जिथे वाजलं तिथे टाळी पडली.

आता नक्कल करणारे तो सूर भरून टाकतात. त्यांना वाटतं चुकून राहिला.

मग टाळी कुठे मारायची?

९ फेब्रुवारी

माझा धाकटा भाऊ सुगत गेल्यापासून हे लिहायला लागले. बोलायची सवय नाही. आमच्या घरात कोणालाच नाही. त्याचाच आवाज काय तो मोठा – तोही डीजेच्या बॉक्समधून.

१६ फेब्रुवारी, अकोला

आईकडे आले. आई तूर निवडत बसली होती. सूप हातात, नजर दाराकडे. बाबा गेले तेव्हा ती रडली होती. सुगतच्या वेळी रडली नाही, भांडत राहिली. अजून भांडते – त्या ट्रकवाल्याशी.

"म्हणे मी हॉर्न देऊन राहिलो होतो! खोटं बोलते मेला. हॉर्न दिला असता तं माह्या सुगतले आलं नसतं का ऐकू? आवाजाचाच तं धंदा होता त्याचा!"

दिवाळीनंतर मूर्तिजापूरच्या लग्नाहून परत येताना बॉक्सची रस्सी सुटली म्हणून सुगत गाडीतून उतरला. रस्त्याकडे पाठ करून रस्सी बांधत होता. मागून ट्रक आला. इतकंच सगळं. पोलिसांनी त्या ड्रायव्हरचं लिहून घेतलं, केस सुरू आहे. आई प्रत्येकाला हेच विचारते – हॉर्न दिला असता तर?

संध्याकाळी विपुल आला. सुगतचा पार्टनर. दोघांची गाडी एक, नाव एक. आईच्या पाया पडला आणि खाली चटईवर बसला. खुर्ची दिली तरी बसत नाही.

"ताई, मंडळाचं ठरलं. यंदा जयंतीची मिरवणूक दादाच्या पयल्या संदल मिक्सनं निंगन."

मला फार बरं वाटलं. तोंडावर दिसलं नसेल, पण वाटलं.

"मी बनवून बी ठेवलं. दादाचंच, पण आजच्या हिशोबानं. बेस टाकून. ऐका."

मोबाईलवर लावलं. खाली धडधड, वर ती धून. सगळे सूर भरलेले.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाई?"

"हे नाही. जसं होतं तसं."

विपुलने कपाळावर हात मारला. "जसं होतं तसं आहेच कोठी ताई? तो कम्प्युटर भंगारात गेला. सीड्या घासल्या. इंटरनेटवर जे हाय ते सारं दुसऱ्यायनं आपापलं नाव घुसवलेलं."

आई सुपातून वर न पाहता म्हणाली, "ती एकडाव नाई म्हने तं नाईच. लहानपणापासून तशीच हाय."

विपुल हसला. मग म्हणाला, परतवाड्याच्या जीपवाल्यांकडे जुने पेन ड्राईव्ह असतात, ते लोक काही बदलत नाहीत, तिथे मिळालं तर मिळालं. "मिळालं तं आणा. तेच वाजवतो. पण पोट्टे नाचले नाई तं मंग मले बोलजा नोका."

१७ फेब्रुवारी, अमरावती

तो पहिला आवाज कसा होता ते लिहून ठेवते. नंतर विसरेन.

२००९. सुगत एकोणीस वर्षांचा, मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये नोकरीला लागले होते त्याच वर्षी. कम्प्युटर असेंबल केलेला, टेबल नव्हतं म्हणून शिवणाच्या मशीनवर ठेवलेला. त्याच्याजवळ संदलचा ठेका होता. अचलपूरला उरुसात संदल निघतो, दर्ग्याकडे चंदन नेणारी मिरवणूक, त्याच्यासोबत चालत चालत मोबाईलवर रेकॉर्ड करून आणला होता. त्या ढोलामागे लोकांचा गलका, एका फुगेवाल्याची पिपाणी. पिपाणी त्याने काढली नाही. "राहू दे ताई, खरं वाटते."

त्या ठेक्यावर भीमगीताची चाल – कॅसिओची. बारीक, नाकातली, थोडी थरथरणारी. स्टीलच्या बादलीत माईक सोडून केलेला घुमारा. बस. एवढंच साहित्य. पण ते वाजलं की असं वाटायचं, उरूस आणि जयंती एकाच गल्लीतून निघाली आणि कोणी कोणाला अडवलं नाही. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण त्या आवाजात हवा होती. मधे मधे जागा होती. माणूस आत शिरू शकत होता.

आणि माझा आवाज.

प्रत्येक डीजेला गाण्यात आपलं नाव टाकावं लागतं, नाहीतर दुसरा चोरतो. बाकीचे इंटरनेटवरून इंग्रजी बोलणारी बाई आणायचे. सुगतला स्वतःचा आवाज आवडत नव्हता. मला म्हणाला, ताई तू बोल. मी म्हटलं, वेडा आहेस का. शेवटी आई विहारात गेलेली असताना बादलीत तोंड घालून म्हटलं – "डीजे सुगत... अकोला." माझा आवाज घाबरलेला आहे त्यात. परीक्षेत नाव विचारल्यासारखा. त्याने तोच ठेवला.

मग ते चारी बाजूंना गेलं. मेमरी कार्डातून, जीपमधून, लग्नांतून. मी बसमध्ये बसलेली आणि ड्रायव्हरजवळ मी बोलतेय! शेजारच्या बाईने विचारलं, कोण पोरगी आहे हो ही? मी खिडकीबाहेर पाहिलं.

आजपर्यंत विपुल सोडून कोणालाच माहीत नाही.

२ मार्च

शेवटची काही वर्षं त्याचा आवाजच बदलला. कॅसिओ गेला. टाळीची जागा गेली. नुसता खालचा आवाज, छातीवर धडका. दुकानांची शटरं थरथरायची. लोक म्हणायचे, व्हायब्रेशन पाहिजे तर सुगत. कॉम्पिटिशनला उभा राहिला की समोरच्या गाडीचा आवाज बुडवायचा. मोठंच काम ते, सगळ्यांना जमत नाही. पण ज्या हाताने ती बारीक धून बसवली त्याच हाताने हे? मला काही ते जुळत नव्हतं. धंदा आहे, लोकांना हवं ते द्यावं लागतं – असं मनाला सांगितलं.

एक मात्र त्याने बदललं नाही. "डीजे सुगत... अकोला." त्या सगळ्या धडधडीत माझा घाबरलेला आवाज शेवटच्या गाण्यापर्यंत होता.

फोनवर बोलणंही सोडलं होतं. "कामात आहे ताई, लिहून पाठव." आमचे हे म्हणायचे, मोठा माणूस झाला तुझा भाऊ. मला तसं वाटलं नाही. आम्ही भावंडं बोलण्यापेक्षा लिहिण्यात बरी.

४ मार्च

आज प्रॅक्टिकलला ट्युनिंग फोर्क काढले. पोरांना लावून दिले आणि मी मागे जाऊन उभी राहिले.

मागच्या वर्षी सुगत लॅबमध्ये आला होता. मी सगळ्यांत लहान फोर्क रबरावर आपटला, त्याच्या कानाशी धरला. "सांग, तुझ्या कॅसिओची कोणती पट्टी?" तो हसला. फोर्क माझ्या हातातून घेतला, पुन्हा आपटला, दांडी दातात धरली आणि डोळे मिटले. "मस्त लागते ताई!"

विद्यार्थी हसले. मीही हसले. एवढा नावाजलेला डीजे आणि तोंडात फोर्क!

२३ मार्च

परतवाड्याला जाऊन आले. एकटीच. हे म्हणाले, एका गाण्यासाठी? मी म्हटलं, हो.

स्टँडच्या बाहेर घाटात जाणाऱ्या जीपा लागलेल्या. दोघातिघांना विचारलं, त्यांच्याकडे सगळं नवं. एकाने बोट दाखवलं – "देवमनभाऊले विचारा. त्याच्या जीपमंधी कायीच बदलत नाई. टायर बी नाई."

देवमनभाऊ पन्नाशीचे. मी विचारलं तर म्हणाले, "बसा. पायजे ते लागते, पण जीप भरल्यावर." बसले. शेजारी भाजी विकून परत निघालेली एक बाई, भागीरथाबाई, मांडीवर रिकामी टोपली. जीप भरली. माणसांवर माणसं. मग त्यांनी टेप लावला.

पिपाणी!

सगळ्यांत आधी पिपाणी ऐकू आली. मग ढोल. मग ती धून – आणि रिकामी जागा – आणि भागीरथाबाईने टोपलीवर थाप मारली! पुढे बसलेल्या म्हाताऱ्याने दारावर. कोणी विचार करून नाही. बोलता बोलता, सवयीने. मी पदर तोंडाला लावला. मग मी बोलले. म्हणजे टेपमधली मी.

जीप चालू होण्याआधी मी देवमनभाऊंना पेन ड्राईव्ह मागितला. कॉपी करून लगेच देते म्हटलं.

"काढाचा नाई तो. दहा वर्षं झाले आत हाय. काढला अन् परत लागला नाई तं? माहा घाट कसा कटन?"

"ज्याचं गाणं आहे तो माझा भाऊ होता."

"असं सारेच सांगतात बाई. मांगं एक पोट्टा आला, म्हने मीच सुगत. मी म्हटलं, अन् मी गव्हर्नर."

जीप हसली. परत जावं असं वाटलं. मग म्हटलं – "त्यात नाव घेते ती मी आहे."

"तुमी?" ते पूर्ण मागे वळले. "बोला बरं."

सगळी जीप माझ्याकडे वळली. भागीरथाबाईने कोपराने ढोसलं – "बोल ना वं माय, लाजतं काहून? आमी काय तुले पाहाले आलो?"

मी बोलले. खाली पाहून. "डीजे सुगत... अकोला."

तसंच निघालं. तसंच घाबरलेलं. सोळा वर्षांत काही सुधारणा नाही!

"भाऊ 'होता' म्हटलं तुमी," देवमनभाऊ म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी टेपमधून पेन ड्राईव्ह ओढून काढला, शर्टाला पुसला, माझ्या हातात दिला. समोरच्या मोबाईलच्या दुकानात कॉपी केलं. सगळे प्रवासी थांबले. कुरकुर नाही. एक मात्र म्हणाला, "घाई करा बाई, म्हशी दोहाच्या हायेत."

परत लावला. लागला! जीपमध्ये ओरडा झाला. देवमनभाऊंनी हॉर्न दिला आणि निघाले.

२४ मार्च

लॅबमध्ये पोरं यायच्या आधी हेडफोनवर ऐकलं. फाइल जुनी, कोपरे झिजलेले. मधे एक बारीक टिक् येतं. तरी सगळं आहे. पिपाणी आहे. बादली आहे. बसलेली पट्टी आहे.

सुगत एकोणीस वर्षांचा आहे.

५ एप्रिल, अकोला

विपुलच्या गोडाऊनमध्ये मोठ्या सिस्टीमवर लावून पाहिलं. बॉक्सची भिंत घराएवढी. त्यातून तो बारीक आवाज!

विपुलने कानामागे हात नेला. "ताई, एवढ्या मोठ्या तोंडातून एवढंसं बोलणं. लोक म्हणतील बॉक्स जळाले."

"म्हणू दे."

"थोडा खालून भरतो ना. दादानंच शिकवलं होतं मले."

"नाही."

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. भिंतीवर सुगतचा फोटो आहे. बॉक्सला तळहात टेकवून उभा, डोळे मिटलेले. सगळ्या फोटोंत तो असाच उभा असतो. त्याची स्टाईल म्हणतात. आता नवी पोरंही फोटोत तसा हात ठेवतात.

"बरं," विपुल म्हणाला. "सुरुवात तुमच्या गाण्यानं. पण दुसरं मी दादाचं शेवटलं लावन. ते त्यानं सारं जीव लावून केलं होतं. त्याले आपण नाई नाई म्हणू शकत."

हे मला पटलं. हो म्हटलं.

१४ एप्रिल, अकोला

जय भीम! पाय दुखतात, घसा बसला, तरी आज लिहिणारच.

निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, पूर्ण रस्ता भरलेला. आईला खुर्ची दिली, तिने ती दुसऱ्या म्हातारीला दिली. विपुलने माईकवर फक्त एवढंच म्हटलं – "हे सुगतदादाचं पयलं." आणि लावलं.

सुरुवातीला काहीच झालं नाही. एवढी मोठी भिंत आणि तिच्यातून पिपाणी! पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. एक ओरडला, "बेस कोठी हाय बे!" चुकले का मी?

धून आली. रिकामी जागा आली. आणि कडेने एकच टाळी पडली. पाहिलं तर पांढऱ्या केसांचा एक माणूस, कडेवर नातू. दुसऱ्या फेरीला त्याच्यासोबत पाच-पंचवीस. तिसऱ्या फेरीला त्या नव्या पोरांना समजलं की इथे काहीतरी आपल्यासाठी ठेवलेलं आहे. चौथ्या फेरीला अख्ख्या रस्त्याची टाळी. एकदम! त्या टाळीचा आवाज कोणत्याही बेसपेक्षा मोठा होता. आईनेही मारली. सूप पाखडते तशी दोन्ही हातांनी, जोर लावून.

मग मी बोलले. सगळ्या रस्त्यावर. "डीजे सुगत... अकोला." पोरं माझ्यासोबत ओरडली. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "लय भेलेली वाटतं वं तू." तिला सगळं माहीत होतं. केव्हापासून, कोण जाणे.

नंतर विपुलने ते शेवटचं लावलं. पहिल्या धडक्यालाच मी मागे सरले, रसवंतीच्या आडोशाला जाऊन कान झाकून उभी राहिले. पोरं वेड्यासारखी नाचत होती. विपुल वरून माझ्याकडे पाहत होता.

मिरवणूक संपल्यावर तो जवळ आला. "ताई, दादाचं ते शेवटलं तुमाले आवडत नाई ना?"

मी खरं सांगितलं. "पहिलं इतकं सुंदर करणाऱ्याने ते का सोडलं, मला समजत नाही."

तो वायर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "परवा येतो. आईपाशी नाई सांगू शकत. तुमच्या घरी येतो."

१७ एप्रिल, अमरावती

विपुल काल येऊन गेला. तो बोलला तसंच लिहिते.

"दादाले ऐकू येत नव्हतं ताई. वर्षानुवर्षं बॉक्ससमोर उभा राहून दोन्ही कान गेले होते. आधी बारीक आवाज गेला – कॅसिओ, टाळी, फोन. खालचा तेवढा राहिला, तो बी हातानं. म्हणून बॉक्सवर हात ठेवे. कोणाले सांगजो नको म्हने, डीजेचे कान गेले समजलं तं कोण बोलावते? प्रत्येक गाणं झालं की मले विचारे – ताईचा आवाज बरोबर येऊन राहिला ना? मी अंगठा दाखवो. मंग तो पुढं जाये."

म्हणजे ट्रकवाल्याने हॉर्न दिला होता. आईला सांगावं लागेल. पोलिसांनाही.

आज हे बाहेर गेल्यावर कानात कापूस घातला, वरून टॉवेल बांधला. ते शेवटचं गाणं लावलं आणि दोन्ही तळहात घरच्या स्पीकरच्या बॉक्सवर ठेवले. संदल होता. अचलपूरचाच ठेका, तोच, पावलापावलाचा, छातीपर्यंत आला. इतकी वर्षं मी कानांनी ऐकत होते म्हणून सापडला नाही.

सगळं आलं. फक्त माझा आवाज आला नाही.